रस्ता गुळगुळीत झाला, आता तो कुणासाठी मोकळा ठेवायचा?

जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. तिच्यासाठी मुळशी, मावळ आणि आसपासच्या तालुक्यांतले रस्ते नव्याने डांबरी करण्यात आले, आणि तेव्हापासून घरी फोन केला की एक वाद हमखास कानावर येतो. एकाचे म्हणणे असे की, वर्षानुवर्षे आम्ही ज्या खड्ड्यांतून गेलो ते परदेशी सायकलपटू येणार म्हटल्यावर बुजले, हा आमचा अपमान आहे. दुसरा म्हणतो, कारण काहीही असो, रस्ता तर झाला ना? मला दोघांचेही पटते. तरीही बारा वर्षे इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये राहून, दर रविवारी धरणांच्या कडेने सायकल चालवल्यावर मला वाटते की दोघेही डांबरापाशीच थांबतात, आणि खरा प्रश्न डांबराच्या पुढे सुरू होतो.

शेफील्डच्या पश्चिमेला शहर संपता संपता डोंगर सुरू होतात. माझी नेहमीची वाट लॉक्सली नदीच्या खोऱ्यातून डॅमफ्लास्क जलाशयाकडे, तिथून लो ब्रॅडफील्ड या लहानशा गावात आणि मग स्ट्राइन्सच्या चढाने माळावर जाते. अंतर फार नाही, पण चढ असे उभे आहेत की सर्वांत हलक्या गिअरवरही मांड्या भरून येतात. दोन्ही बाजूंना चुन्यावाचून रचलेली दगडी कुंपणे, त्यांच्या आड मेंढ्या, आणि वळणावळणाला खाली चमकणारे पाणी. ताम्हिणी किंवा पाबे घाटात सायकल चालवलेल्या माणसाला हे सारे ओळखीचे वाटेल; फरक इतकाच की इथला डोंगर बुटका आणि झाडांवाचून उघडा आहे.

या वाटेवर डेल डाइक नावाचे धरण आहे, आणि पुण्याच्या माणसाने तिथे थांबायलाच हवे. 11 मार्च 1864 च्या रात्री, जलाशय पहिल्यांदाच भरत असताना, या धरणाचा मातीचा भराव फुटला आणि लॉक्सलीच्या खोऱ्यातून शेफील्डपर्यंत आलेल्या लोंढ्यात सुमारे 240 माणसे गेली. धरण पुन्हा बांधले गेले, पण जुन्या जागेवर नाही. जुन्या बांधाची मध्यरेषा दाखवणारे, चार अक्षरे कोरलेले छोटे दगड झाडीत अजून उभे आहेत. पहिल्यांदा त्या दगडावर हात ठेवला तेव्हा मला आजीची आठवण झाली. 12 जुलै 1961 चा दिवस ती मरेपर्यंत विसरली नाही. पानशेतही मातीचे धरण होते, तेही पहिल्यांदाच भरत होते. आधी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पाणी कुठवर चढले होते ते आजी आम्हाला वाड्याच्या भिंतीवर बोट टेकवून दाखवीत असे. जलाशयाच्या काठाने सायकल चालवणे म्हणजे नुसते दृश्य पाहणे नव्हे, हे मला इथे आल्यावर अधिक कळले.

माळ ओलांडून खाली उतरले की लेडीबोअर लागते. डर्वेंट नदीवर एकावर एक तीन जलाशय आहेत: वरचे हाउडन 1912 मध्ये आणि मधले डर्वेंट 1916 मध्ये पूर्ण झाले, सर्वांत खालचे लेडीबोअर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधून झाले. त्याच्या पोटात डर्वेंट आणि अ‍ॅशॉप्टन ही दोन गावे गेली. डर्वेंटच्या चर्चचा मनोरा काही वर्षे पाण्याबाहेर डोकावत होता. 1947 मध्ये तो सुरुंगाने पाडण्यात आला. त्याच गावातला जुना दगडी पूल मात्र उतरवून खोऱ्याच्या वरच्या टोकाला पुन्हा उभा केला आहे.

या खोऱ्यात फेअरहोम्स नावाची जागा आहे. मोटारी तिथल्या वाहनतळात लावतात. तिथून पुढे जलाशयाच्या पश्चिम काठाने खोऱ्याच्या टोकापर्यंत जाणारा डांबरी रस्ता रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी फाटक लावून बाहेरच्या मोटारींना बंद असतो. वर राहणाऱ्या घरांच्या आणि शेतकऱ्यांच्या गाड्या जातात, बाकी सगळा रस्ता चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा. मला आठवते ती फेब्रुवारीतली एक सकाळ. आठवडाभर पाऊस झाला होता आणि डर्वेंट धरणाच्या दोन दगडी बुरुजांमधून पाणी अख्ख्या भिंतीवरून पांढरे होऊन कोसळत होते. तुषार तोंडावर येत होते. माझ्यापुढे पाच-सहा वर्षांची एक मुलगी लहानशा सायकलवर रस्त्याच्या मधोमध, अगदी मधोमध, वाकडीतिकडी चालली होती आणि तिचा बाप बराच मागे होता. त्याला तिला हाक मारून कडेला घ्यावे लागत नव्हते. तो रस्ता काही फार गुळगुळीत नाही, ठिगळे लावलेलाच आहे. 2014 मध्ये टूर द फ्रान्सचा एक टप्पा यॉर्कवरून शेफील्डला येऊन संपला, तेव्हा इथेही रस्त्यांची पुष्कळ चर्चा झाली होती. पण शर्यत एका दिवसात निघून गेली. माझ्या बारा वर्षांच्या रविवारांना उपयोगी पडले ते मात्र फेअरहोम्सचे फाटक.

हे सारे इथल्या लोकांना आपोआप मिळाले, असे कुणी समजू नये. याच डोंगरांत 24 एप्रिल 1932 रोजी काही शे कामगार तरुण-तरुणी जमीनमालकांची बंदी झुगारून किंडर स्काउटच्या माळावर चढून गेले आणि त्यांच्यातल्या पाच जणांना तुरुंगात जावे लागले. हा परिसर देशाचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाला तो 1951 साली. पाण्याच्या बाबतीत आजही सैल सोडलेले नाही. लेडीबोअरमध्ये पोहायला मनाई आहे आणि तसे फलक जागोजागी आहेत. म्हणजे पाण्यात उतरू देत नाहीत, पण पाण्याजवळ येऊ देतात.

आपल्याकडे नेमके हेच दोन वेगळे धरले जात नाही. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यानंतर जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर मनाई आदेश निघाले. जीव वाचवण्यासाठी काढलेल्या आदेशाला मी परदेशात बसून नावे ठेवणार नाही. पण पावसाळ्यात सरसकट बंदी आणि उरलेल्या वर्षभर मोटारींना सरसकट मोकळीक, या दोन टोकांमध्ये काही असू शकते, हा विचार मला घरच्या चर्चेत ऐकू येत नाही. रविवारी सकाळी दहानंतर खडकवासल्याच्या चौपाटीवरून पुढे जाऊन पाहावे. कणसाच्या गाड्या, दुहेरी लावलेल्या मोटारी, मधे अडकलेली एसटी, आणि त्या सगळ्यांच्या फटीतून जीव मुठीत धरून जाणारा सायकलवाला.

इथली व्यवस्था उचलून तिथे ठेवता येणार नाही, हे मला माझ्या मामेभावाने समजावले. मामांची जमीन पानशेतच्या पाण्याखाली गेली. काही भाऊबंद दौंडकडे गेले, मामा मागे राहिले, आणि आता मामेभाऊ रस्त्यालगत पिठलं-भाकरीचे हॉटेल चालवतो. डर्वेंटची माणसे गेली ती गेली. खोऱ्यात आज मोजकी घरे आहेत. पानशेत, वरसगाव आणि टेमघरच्या काठांवर मात्र गावे नांदती आहेत आणि त्यांना दुसरा रस्ता नाही. 1921 मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हापासून या खोऱ्यांनी शहरांसाठी सोसलेच आहे. आता शहरातून सायकलवाले येऊन त्यांचाच रस्ता बंद करा म्हणू लागले, तर तो दुसरा अन्याय होईल. मामेभावाने तर सरळच सांगितले, "दादा, मोटारवाला चार माणसं घेऊन जेवायला बसतो. सायकलवाला काय, एक चहा अन् एक केळं."

त्याचे म्हणणे खरे आहे, आणि ते बाजूला सारून लिहिणे मला जमणार नाही. पण लो ब्रॅडफील्डला रविवारी चहाच्या दुकानाबाहेरच्या भिंतीला सायकली टेकवलेल्या असतात आणि चढ चढून आलेली माणसे आत दोन-दोन वेळा मागून खातात, हेही मी त्याला सांगितले. चढ चढलेल्या माणसाची भूक मोटारवाल्याला नसते. शिवाय मी दिवसभराचे काही मागत नाही. पानशेतच्या पुढे जलाशयाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याचा एखादा तुकडा, आठवड्यातून एकदा, पहाटेपासून सकाळी नऊपर्यंत, बाहेरच्या मोटारींना बंद ठेवावा. गावच्या गाड्या, एसटी, दुधाचा टेम्पो आणि रुग्णवाहिका चालूच राहाव्यात. आणि हे ठरवावे त्या काठावरच्या ग्रामसभांनी, पुण्यातल्या सायकल क्लबांनी नव्हे. शर्यतीसाठी केलेल्या डांबराचा उपयोग त्या डांबराशेजारी राहणाऱ्या पोरांना आधी व्हायला हवा. शाळेत सायकलने जाणारी मुले त्या खोऱ्यांत आजही आहेत.

मामेभाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "त्या फाटकापाशी कोण उभं राहतं? पोलीस?" मी म्हटले, मी तरी तिथे पोलीस पाहिलेला नाही. "मग आमच्याकडं आम्हालाच उभं राहावं लागंल," तो म्हणाला, "आणि त्याचा पगार कोण देणार, तेवढं विचारून ये." डिसेंबरमध्ये मी घरी जाणार आहे. फेअरहोम्सच्या माहिती केंद्रात जाऊन, फाटकाचा खर्च कोण उचलतो आणि त्याचा किती भाग वाहनतळाच्या पैशातून भागतो, एवढे तरी तोवर नीट लिहून घेणार आहे.