ट्रॅम्पची मार्गदर्शिका कशी लिहावी, म्हणजे ती कुणाच्या उपयोगी पडणार नाही

ईमॅक्स या एडिटरमध्ये बसल्या जागेवरून दुसऱ्या संगणकावरच्या फायली उघडून देणारं ट्रॅम्प टीममधल्या सगळ्यांना वापरायचंय, आणि "जरा दोन पानांत लिहून द्या ना" हे काम तुमच्या गळ्यात पडलंय. घाबरू नका. ट्रॅम्पचं मूळ मॅन्युअल इंग्रजीत आहे, चांगलं जाडजूड आहे आणि त्यात नेहमीच्या अडचणींचं एक वेगळं प्रकरणही आहे. तो कित्ता गिरवायचा नाही. वाचून लोकांचं काम झालं, तर तुम्हाला ओळखणार कोण?

सुरुवात इतिहासाने करा. वाचणारा तुमच्या पानावर येतो तेव्हा सर्व्हरची डिस्क भरलेली असते आणि मॅनेजर खुर्चीमागे उभा असतो. अशा वेळी त्याला सर्वांत आधी हे कळायला हवं, की नोव्हेंबर १९९८च्या अखेरीस हे काम सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव आरएसएसएच डॉट ईएल होतं, मग आरसीपी डॉट ईएल झालं, मग ट्रॅम्प झालं. एप्रिल २०००मध्ये एका मशीनवरून उडी मारून दुसऱ्यावर जाण्याची सोय आली, जुलै २००४मध्ये तिची पद्धत बदलली. एवढं वाचेपर्यंत मॅनेजर चहाला गेलेला असेल, हा फायदाच.

मग उदाहरण. एकच द्या, आणि ते तुमच्या मशीनवर पहिल्या फटक्यात चाललेलं असावं. कंट्रोल-एक्स, कंट्रोल-एफ दाबा आणि लिहा: /एसएसएच:मीना@पुणे१:/व्हार/लॉग/सिसलॉग. बस्स. पहिल्या तिरक्या रेघेनंतर येते ती जोडणीची पद्धत (इथे एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन), मग वापरकर्ता, मग यंत्र, पोर्ट वेगळा असेल तर यंत्राच्या नावाला चिकटून हॅशचं चिन्ह आणि आकडा, आणि दुसऱ्या कोलननंतर तिकडचा पत्ता, ही फोड चुकूनही करू नका. दुसऱ्या कोलननंतर काहीच लिहिलं नाही तर तिकडची होम डिरेक्टरी उघडते, हे ज्याचं त्याला कळू दे.

तिरक्या रेघांचं तर नावच काढू नका. पत्ता अर्धा टाइप झालेला असताना मध्येच दोन तिरक्या रेघा मारल्या, तर आपण त्याच दूरच्या यंत्राच्या मुळाशी जातो. तीन मारल्या तर थेट स्वतःच्या लॅपटॉपवर परत येतो. पुणे१ची होस्ट्स फाइल बदलायला निघालेला माणूस एक रेघ जास्त मारून आपल्याच लॅपटॉपची होस्ट्स फाइल बदलून बसतो आणि तासभर "बदल लागू का होत नाही" म्हणून डोकं धरतो. मोड लाइनमध्ये, म्हणजे खिडकीच्या तळाच्या माहितीपट्टीत, डावीकडच्या आडव्या रेघांच्या ओळीत एका जागी रेघेऐवजी @ दिसलं तर फाइल परक्या यंत्रावरची, रेघच दिसली तर आपली. एका वाक्यात संपणारी ही गोष्ट आहे, म्हणूनच ती गाळायची.

इथेच या लेखनप्रकाराचं मुख्य सूत्र हाती लागतं: *कुठे* हे कधीही सांगायचं नाही. ट्रॅम्पमध्ये प्रत्येक गोष्टीला दोन जागा असतात, इकडची आणि तिकडची, आणि निम्म्याहून जास्त घोळ त्यातूनच होतात. तुम्ही फक्त "कॉन्फिग फाइलमध्ये पुढची ओळ टाका" असं लिहा. कुणाची कॉन्फिग, कुठल्या यंत्रावरची, हा वाचणाऱ्याचा गृहपाठ.

या सूत्राचा सगळ्यात सुंदर उपयोग प्रॉम्प्टच्या बाबतीत होतो. ट्रॅम्प तिकडे लॉगिन करतो आणि शेलचा (आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रामचा) प्रॉम्प्ट, म्हणजे "बोला, काय करू" अशी खूण, कधी दिसते याची वाट बघत बसतो. ओळीच्या शेवटी डॉलर, हॅश, टक्के किंवा मोठ्यापेक्षाचं चिन्ह असावं अशी त्याची साधी अपेक्षा असते. पण तिकडे कुणीतरी झेडएसएच हे हवं तसं सजवता येणारं शेल बसवलेलं असतं. प्रॉम्प्टमध्ये गिटची ब्रँच, बॅटरीची टक्केवारी, तीन रंग, एक बाण, आणि उजव्या कडेला घड्याळ. ट्रॅम्पला त्यातलं काहीच ओळखू येत नाही. खाली "वेटिंग फॉर प्रॉम्प्ट्स फ्रॉम रिमोट शेल" एवढंच दिसतं आणि ईमॅक्स साठ सेकंदांपर्यंत ढिम्म हलत नाही. वाचणाऱ्याला वाटतं नेटवर्क गेलं. तो टर्मिनलमधून एसएसएच करून बघतो, तिथे झटक्यात लॉगिन होतं. मग त्याला वाटतं ईमॅक्स बिघडला. तो ईमॅक्स पुन्हा बसवतो.

उपाय ठाऊक असला तरी तोंडातून काढायचा नाही. ट्रॅम्प लॉगिन करताना टर्म या व्हेरिएबलची किंमत डम्ब अशी ठेवतो. म्हणून *तिकडच्या* यंत्रावरच्या झेडएसएचआरसीच्या (झेडएसएच सुरू होताना वाचतं त्या फाइलच्या) अगदी वरच्या ओळीत, टर्म जर डम्ब असेल तर झेडएलई (ओळ संपादनाची सोय) बंद कर, पीएस१ला (प्रॉम्प्टच्या मजकुराला) नुसता डॉलर आणि एक स्पेस दे आणि तिथूनच परत फीर, एवढं लिहिलं की काम झालं. वरच्या ओळीत का? कारण सजावटीचा प्लगिन आधी लोड झाला, तर तो पीएस१ पुन्हा रंगवून ठेवतो. बॅश हे शेल वापरणाऱ्यांनाही हेच लागू. शिवाय बॅशआरसीमध्ये कुणी "सुप्रभात!" छापणारी किंवा "पासवर्ड बदलायचा का, होय की नाही?" विचारणारी ओळ टाकली असेल, तर तीही याच अटीच्या खाली ढकलायची. यातलं तुम्ही फक्त एवढंच लिहा: "अडकल्यास प्रॉम्प्ट साधा ठेवा." वाचणारा निमूटपणे स्वतःच्या लॅपटॉपचा प्रॉम्प्ट साधा करेल.

पद्धत कोणती निवडावी, या प्रश्नावर "एससीपी किंवा एसएसएच, आवडीनुसार" असं लिहून मोकळे व्हा, जणू दोन्ही एकच आहेत. एसएसएच ही इनलाइन पद्धत, म्हणजे फाइलचा मजकूर उघड्या शेलमधूनच बेस६४ या अक्षरी रूपात गुंडाळून येतो, दर तीन बाइटांचे चार होतात. छोट्या फायलींना हीच बरी, कारण नवीन जोडणी उघडायला लागत नाही. एससीपी पद्धतीत मोठी फाइल बाजूला वेगळी जोडणी उघडून आणली जाते, त्यामुळे शंभर एमबीच्या लॉगला तीच परवडते. गंमत म्हणजे एससीपी निवडलं तरी छोटी फाइल ट्रॅम्प गुपचूप इनलाइनच आणतो. ही मर्यादा ट्रॅम्प-कॉपी-साइझ-लिमिटमध्ये असते आणि वर्षानुवर्षं ती १०२४० बाइट होती. म्हणून "छोटी फाइल उघडते, मोठी उघडत नाही" अशी तक्रार आली, की बिघाड बहुधा वेगळ्या उघडलेल्या त्या एससीपी जोडणीत असतो. हे लिहिलंत तर लोक स्वतःच निदान करायला लागतील, सांभाळा.

सुडो, म्हणजे रूटचे (सर्वाधिकारी वापरकर्त्याचे) अधिकार घेऊन काम करणं. इथे हात सैल सोडा. /सुडो::/ईटीसी/होस्ट्स असं उदाहरण द्या आणि "रूटची फाइल अशी उघडा" एवढंच म्हणा. मधली जागा रिकामी म्हणजे *आपलं* यंत्र, हे सांगू नका. दूरच्या यंत्रावर रूट व्हायचं असेल तर मध्ये उभी रेघ टाकून साखळी करावी लागते: /एसएसएच:मीना@पुणे१|सुडो:पुणे१:/ईटीसी/होस्ट्स. यंत्राचं नाव दोन्हीकडे एकच हवं. ईमॅक्स २७पासून दुसरीकडची जागा रिकामी सोडली तरी ट्रॅम्प आधीच्या मुक्कामाचं नाव उचलतो, त्याआधीच्या आवृत्त्यांत नाव लिहिलेलंच बरं. टीममध्ये तीन जणांकडे तीन आवृत्त्या असतील, तर मजा बघत बसायची.

पासवर्ड पुन्हापुन्हा विचारतो म्हणून कुणी कुरकुर केली, तर "ऑथइन्फो फाइल (पासवर्ड साठवायची फाइल) बनवा" म्हणा. ईमॅक्स पासवर्ड मुळात १६ सेकंदच लक्षात ठेवतो आणि सुडोचा रिकामा बसलेला सेशन ट्रॅम्प पाच मिनिटांनी बंद करतो, हे मनातच ठेवा. आणि त्या ऑथइन्फोच्या ओळीत "पोर्ट" या शब्दापुढे आकडा नव्हे तर पद्धतीचं नाव, म्हणजे सुडो किंवा एससीपी, लिहायचं असतं हे तर अजिबात फोडू नका. लोक तिथे २२ लिहितात, ओळ जुळत नाही, पासवर्ड विचारला जातोच. फाइल जीपीजीने कुलूपबंद ठेवा हे मात्र लिहून टाका. सुरक्षेचं एक वाक्य असलं की पान गंभीर दिसतं.

बॅकअपबद्दल मौन पाळा, कारण इथे इकडचं आणि तिकडचं मस्त गुंतलेलं आहे. ऑटोसेव्हची फाइल मुळात इकडे, आपल्या तात्पुरत्या डिरेक्टरीत पडते. जोडणी तुटली तर न साठवलेला मजकूर तिथे शोधायचा. शेपटीला टिल्ड असलेला बॅकअप मात्र तिकडे, मूळ फाइलच्या शेजारी बनतो. डेबियन किंवा उबुंटूवर एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या साइट्स-एनेबल्ड डिरेक्टरीत सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) न ठेवता खरी फाइल ठेवून ती ईमॅक्समधून बदलली, की शेजारी टिल्डवाली दुसरी फाइल तयार होते. एन्जिनएक्सला त्या डिरेक्टरीतलं सगळंच वाचायला सांगितलेलं असतं, तोही आज्ञाधारकपणे दोन्ही वाचतो आणि पुढच्या रीलोडला "डुप्लिकेट डिफॉल्ट सर्व्हर" म्हणून रुसतो. त्याच्या उलट, ज्याने बॅकअप एका ठिकाणी जमा व्हावेत म्हणून बॅकअप-डिरेक्टरी-अलिस्टमध्ये स्वतःच्या होममधली जागा दिलीय, त्याने सुडोने शॅडो फाइल उघडून साठवली की सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश त्याच्या होम डिरेक्टरीत येऊन पडतात. ट्रॅम्पच्या फायलींसाठी बॅकअपची वेगळी जागा ठरवता येते, किंवा बॅकअप-एनेबल-प्रेडिकेटमधून सुडोवाल्यांना सरळ वगळता येतं. पण हे सगळं लिहायचं तर पान लांबतं, आणि वर इतिहासाला जागा लागलीच आहे ना.

"फार स्लो आहे हो" या तक्रारीवर "नेटवर्क तपासा" हे सर्वकालीन उत्तर छापा. फाइल उघडली की ईमॅक्सचं व्हीसी, म्हणजे फायलींच्या आवृत्त्यांची नोंद बघणारं अंग, इथे गिट आहे का, सबव्हर्जन आहे का, मर्क्युरियल आहे का, वरच्या डिरेक्टरीत आहे का, असे प्रश्न एकामागून एक विचारत सुटतं, आणि प्रत्येक प्रश्न तिकडे जाऊन उत्तर घेऊन येतो. एका फेरीला २०० मिलिसेकंद धरले, तर वीस प्रश्नांचे चार सेकंद होतात, तेही मजकुराचं एक अक्षर यायच्या आत. व्हीसी-इग्नोर-डिर-रेजेक्सपमध्ये ट्रॅम्पचा नमुना जोडला की ही चौकशी बंद पडते. हे सांगितलंत तर नेटवर्कवाले सुटतील, आणि त्यांना कधीही सोडायचं नसतं.

याच चालीवर "प्रोग्राम सापडत नाही" हेही वाऱ्यावर सोडा. फाइल दूरची असेल तर त्या बफरमधून चालवलेलं कंपाइल, ग्रेप, शेल सगळं तिकडेच चालतं, आणि आरएम चालवलं तर तेही. पण तिकडे ट्रॅम्प स्वतःचा ठरलेला पाथ (प्रोग्राम शोधायच्या जागांची यादी) वापरतो, तुमच्या प्रोफाइलमधला नव्हे. ट्रॅम्प-रिमोट-पाथ या यादीत ट्रॅम्प-ओन-रिमोट-पाथ जोडावं लागतं, तेही *इकडच्या* ईमॅक्सच्या कॉन्फिगमध्ये. प्रॉम्प्टचा उपाय तिकडे, पाथचा उपाय इकडे. दोन्हींसाठी "कॉन्फिग फाइलमध्ये टाका" हे एकच वाक्य वापरता येतं, केवढी बचत!

पाथ बदलूनही फरक पडला नाही, कारण ट्रॅम्पने जुनी माहिती होममधल्या डॉट-ईमॅक्स-डॉट-डी डिरेक्टरीत ट्रॅम्प नावाच्या फाइलमध्ये जपून ठेवलीय, हे कुणाच्याच लक्षात येत नाही. ट्रॅम्प-क्लीनअप-ऑल-कनेक्शन्स चालवलं की बहुतेक वेळा भागतं. फाइलच पुसायची तर ईमॅक्स बंद करून पुसावी, चालू असताना पुसली तर बंद होताना तो ती पुन्हा लिहून ठेवतो. तुम्ही आपलं "मशीन रीस्टार्ट करून बघा" लिहा. कुठलं मशीन? सूत्र आठवा.

चुका शोधायच्या साधनांना हातही लावू देऊ नका. ट्रॅम्प-व्हर्बोज मुळात ३ असतं. ते ६ केलं, की तिकडे काय पाठवलं आणि तिकडून काय आलं ते शब्दन् शब्द डीबग बफरमध्ये उतरतं आणि अडलेला प्रॉम्प्ट तिथे नागडा दिसतो. १० केलं तर इतकं उतरतं की ईमॅक्सच दमतो. त्याआधी ईमॅक्स -क्यूने, म्हणजे स्वतःची कुठलीही सेटिंग न घेता, सुरू करून बघायचं. मग अडचण ट्रॅम्पची की आपल्याच कॉन्फिगची ते दोन मिनिटांत कळतं. इतक्या लवकर कळणं बरं नव्हे.

आवृत्ती आणि तारीख पानावर कुठेच नको. ईमॅक्स २६पासून पत्त्यात पद्धत लिहिणं सक्तीचं झालं, पण त्याआधीचं नुसतं /पुणे१:/ईटीसी/होस्ट्स हे छोटं रूप दिसायला गोड आहे, तेच ठेवा. एसएसएचची जोडणी वाटून घेण्याच्या सेटिंगचं नाव ईमॅक्स ३०मध्ये ट्रॅम्प-यूज-कनेक्शन-शेअर झालं, तुम्ही कंट्रोलमास्टरवालं जुनं नावच चालू ठेवा. एप्रिल २००७मध्ये आलेले आणि डिसेंबर २०१६मध्ये काढून टाकलेले गेटवे (मधल्या प्रॉक्सीतून जाण्याची सोय) मात्र पूर्ण पानभर समजावून द्या.

आणि आज्ञा शक्यतो स्क्रीनशॉटमध्ये द्या, म्हणजे कॉपी करता येणार नाहीत. अक्षरांतच द्यायच्या झाल्या, तर आधी वर्डमध्ये टाइप करा. वर्ड सरळ अवतरणचिन्हं आपोआप वाकडी करतो, ईमॅक्सच्या लिस्प भाषेला ती अवतरणचिन्हं वाटतच नाहीत, आणि ट्रॅम्प-डिफॉल्ट-मेथडची साधी एक ओळ चिकटवली की ईमॅक्स सुरू होतानाच एरर देतो. कुणी दाखवायला आलं तर "मी तर जसंच्या तसं दिलंय" म्हणा. बारक्या फाँटमध्ये ते खरंच जसंच्या तसं दिसतं.