रडत केलेली प्रार्थना पोचत नाही म्हणे!

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतोय. रडत केलेली प्रार्थना देवापर्यंत पोचत नाही, मन प्रसन्न हवं. सुतकात देवाचं नाव घेऊ नये. शंका आली की सगळं फुकट. आणि मागितलेलं मिळालं नाही म्हणजे देवानं ऐकलंच नाही. ज्याच्या घरातलं माणूस नुकतंच गेलंय, त्यानं हे वाचून काय करायचं?

पहिला मुद्दा गीतेपुढेच टिकत नाही. सातव्या अध्यायाच्या सोळाव्या श्लोकात कृष्ण भजणाऱ्यांचे चार प्रकार सांगतो: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. गांजलेला आर्त यादीत पहिला. ज्ञानी त्याला अधिक प्रिय, हे खरं. पण अठराव्या श्लोकात तो चौघांनाही 'उदार', म्हणजे थोर, म्हणतो. आधी डोळे पूस, मग ये, अशी अट कुठेच नाही.

सुतकात दहा दिवस बंद असते ती देवघरातली पूजा. नामाला सोवळं-ओवळं नाही, ही वारकऱ्यांची जुनी भूमिका. मूर्तीला हात न लावता, अंथरुणात पडल्या पडल्याही नाम घेता येतं. मात्र अख्खा हरिपाठ म्हणायला बसू नये. दोन अभंगांत मन भरकटतं आणि 'आपल्याला एवढंही जमत नाही' ही नवी बोच लागते. एकच अभंग घ्यावा, तोही आधीपासून पाठ असलेला, कारण अशा दिवसांत नवं डोक्यात शिरत नाही. भागवतातल्या गजेंद्रानं पाय मगरीच्या तोंडात असताना म्हटलेलं स्तोत्रही पूर्वजन्मी शिकलेलंच होतं. तेही सुचेना, तर 'मला हे सहन होत नाही' एवढंच म्हणावं. हरिपाठ तरी देवाच्या दारी क्षणभरच उभं राहायला सांगतो.

शंकेचं उत्तर देहूत आहे. १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. त्यांच्या गाथेत 'माझे लेखीं देव मेला' असा अभंग आहे. यापुढे त्याचं नावही घेणार नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. वारकऱ्यांनी तो गाळला नाही. समोरचा ऐकतोय हे धरून चालल्याशिवाय असं भांडण होतच नाही.

राहिला शेवटचा मुद्दा. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, त्या प्रसंगाचे नामदेवांचे अभंग रडण्यानं भरलेले आहेत. ज्ञानदेव काही परत आले नाहीत. तरी पुढची पन्नासेक वर्षं नामदेव त्याच विठ्ठलाचं कीर्तन करत राहिले. 'ऐकलं' आणि 'दिलं' यांची गल्लत संदेश लिहिणाऱ्यानं केलीय, नामदेवांनी नाही.

आणि हो, झोप-भूक आठवडेच्या आठवडे उडाली असेल तर डॉक्टरांकडेही जावं. त्यानं श्रद्धा कमी पडली असं होत नाही.