पाहुणे आले की डोम

जर्मनीत कोलोनला राहायला आल्यापासून ही सातवी वेळ. कोणी ना कोणी युरोप टूरवर येतं, "तुमचं ते मोठ्ठं चर्च दाखव ना" म्हणतं आणि मी परत त्या डोमसमोर, म्हणजे कोलोनच्या कॅथेड्रलसमोर, उभा. अरे स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच आहे, दाखवायचं काय त्यात! बरं, माझी ना नाही, पण १५७ मीटरचा मनोरा फोटोत मावत नाही म्हणून मला भर चौकात फरशीवर आडवं पाडतात, मग वर चढायचा हट्ट, मी घसा फोडून सांगतो की ५३३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, गोल जिना अरुंद आणि उतरणारेही त्यातूनच येतात, तरी "आम्ही दर रविवारी सिंहगड चढतो रे" म्हणून निघतात आणि २४ टनी घंटेपर्यंत पोचायच्या आत फा फू. आतमध्ये मात्र दहा मिनिटं नाही थांबायचं! १२४८ ला सुरू झालेलं काम १८८० ला संपलं, मधे जवळपास तीनशे वर्षं ठप्प, अर्धवट मनोऱ्यावर क्रेन तशीच उभी, हे मी रंगात येऊन सांगतोय आणि काका विचारतात, "इथे टॉयलेट कुठंय रे?"

आत्ताच मावशीचा मेसेज आलाय. पुढच्या महिन्यात येतेय.