दुबईला जाताना गोळ्या स्ट्रिपमधून काढू नका, तो फॉरवर्ड चुकीचा आहे

परवा मावशीकडे गेले तर ती टेबलावर बसून स्ट्रिपमधून एकेक गोळी बाहेर काढत होती. समोर तो सोम मंगळ बुध लिहिलेला प्लास्टिकचा डबा, बाजूला रिकाम्या स्ट्रिपांचा ढीग. हे काय चाललंय विचारलं तर म्हणे, "अगं पुढच्या आठवड्यात दुबई ना, ग्रुपवर मेसेज आलाय, गोळ्या अशा नेल्या की जागा वाचते आणि कस्टमवाले काही विचारत नाहीत." मेसेज वाचला आणि डोकंच फिरलं. "दुबईला जाणाऱ्यांनी जरूर वाचा" असं वर लिहिलेलं, खाली सल्ल्यांची यादी, आणि आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी तो पुढे ढकललेला.

तर आधी औषधांचंच. मेसेज म्हणतो की गोळ्या सुट्ट्या करून डब्यात भरा, प्रिस्क्रिप्शनची गरज नाही, आपली नेहमीची औषधं सगळीकडे चालतात. यातलं एकही वाक्य खरं नाही. आपल्याकडे डॉक्टर सहज लिहून देतात अशी कितीतरी औषधं यूएईत, म्हणजे दुबई ज्या देशात आहे त्या संयुक्त अरब अमिरातीत, नियंत्रित यादीत आहेत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, दुखण्यावरचं ट्रामाडॉल, झोपेसाठी किंवा घाबरल्यासारखं होतं म्हणून दिलेलं अल्प्राझोलाम, आणि प्रेगाबालिन. हे शेवटचं नाव नीट वाचा, कारण मधुमेहाने पायांची आग होते म्हणून हीच कॅप्सूल कितीतरी ज्येष्ठ लोक रोज रात्री घेतात. मावशीही घेते. यूएई सरकारच्या अधिकृत पोर्टलवर स्पष्ट लिहिलंय की नियंत्रित औषध न्यायचं तर आधी ऑनलाइन परवानगी काढायची आणि सोबत डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन ठेवायचं. बाकी कुणाचं ऐकू नका, जायच्या आधी ते पान उघडून आपल्या औषधातला घटक शोधा, घटक म्हणजे पाकिटावर बारीक अक्षरात असतो तो, कंपनीने दिलेलं नाव नाही.

आणि स्ट्रिप का काढायची नाही, तर औषधाचं नाव, घटक, बॅच, एक्स्पायरी हे सगळं त्या स्ट्रिपवरच छापलेलं असतं. ती फेकली की हातात राहते एक बिननावाची गोळी, आणि विमानतळावर कुणी विचारलं की हे काय आहे तर दाखवणार काय? प्रिस्क्रिप्शन असलं तरी ही गोळी म्हणजे त्यातलीच हे सिद्ध कसं करणार? ब्रिटिश सरकार आपल्या नागरिकांना यूएईसाठी ज्या सूचना देतं त्यात तर असंही आहे की अमली पदार्थ शरीरात सापडला तरी तो जवळ बाळगल्यासारखाच धरला जातो. एवढा कडक कायदा आहे तिथे, आणि आपण जागा वाचवायला पुरावा फेकून देतोय!

दुसरा धोकादायक सल्ला खसखशीचा. "अनारशासाठी खसखस न्यायला हरकत नाही, घरगुती मसाला सांगा." अहो, यूएईत खसखशीवर बंदी आहे. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, आणि बोंडाच्या चिकाचा अंश बियांना लागलेला असू शकतो. आपल्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यात या बियांना सूट आहे म्हणून ती वाण्याकडे मिळते, तिथे तशी सूट नाही. मावशीच्या बॅगेत पाव किलोचं पाकीट निघालं, लेकासाठी. हे खोटं बोलून पार पाडायचं म्हणजे तर आणखीच संकट.

मान्य करते, एक गोष्ट मेसेजवाल्याची अर्धी बरोबर आहे की "आता पूर्वीइतकं कडक नाही". अमली पदार्थांबाबत तिथे २०२२ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने पहिल्यांदा सापडणाऱ्यांच्या शिक्षा कमी केल्यात. पण शिक्षा कमी झाली म्हणजे वस्तू चालते असं होत नाही, आणि सहलीला गेलेल्या साठीच्या बाईला चौकशीत थांबवून ठेवणं हेच केवढं मोठं आहे.

बाकीचे मुद्दे पटकन. भारतीय पासपोर्टवर सगळ्यांना तिथे उतरल्यावर व्हिसा मिळतो हे चूक, ती सोय फक्त अमेरिका, ब्रिटन वगैरे ठराविक देशांचा वैध व्हिसा किंवा रहिवासी कार्ड असणाऱ्यांना आहे, बाकीच्यांनी आधीच काढायचा. शुक्रवारी सगळं बंद हेही जुनं झालं, जानेवारी २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम. व्हॉट्सॲप कॉल लागत नाहीत हे खरं, पण त्यासाठी फुकटचं व्हीपीएन (आपण कुठून नेट वापरतोय ते लपवणारं ॲप) टाका हा सल्ला देऊ नका, व्हीपीएन वापरून गुन्हा केल्यास तिथल्या सायबर कायद्यात ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आहे. घरी बोलायला बोटिम नावाचं कॉलिंग ॲप चालतं. मेट्रोत खाऊ नका हे मात्र बरोबर, १०० दिरहम दंड होतो.

मावशीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो, घटकांच्या नावांसकट नवीन प्रिस्क्रिप्शन घेतलं, प्रेगाबालिनच्या परवानगीचा अर्ज भाच्याने त्याच रात्री भरला. खसखस परत डब्यात गेली. काढलेल्या गोळ्यांमध्ये बीपीची कुठली आणि थायरॉईडची कुठली ते मात्र तिलाही ओळखता येईना, दोन्ही पांढऱ्या आणि गोल, शेवटी सगळ्या टाकून दिल्या आणि नवीन स्ट्रिपा आणल्या.