मराठीत मिळालेलं चुकीचं उत्तर

२०२५ च्या जुलैत आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय एप्रिलमध्ये निघाला, जून संपता संपता सरकारने तो मागे घेतला, तरी वातावरण तापलेलंच होतं. त्यात दादाने एक व्हिडिओ टाकला. मोबाईल कंपनीच्या गॅलरीत एक गृहस्थ काउंटरवरच्या पोराला खडसावतायत, ‘महाराष्ट्रात दुकान थाटलंय ना, मग मराठीत बोल!’ खाली अंगठ्यांची रांग. मावसभावाने लिहिलं, ‘अभिजात दर्जा मिळाला, पण कस्टमर केअरला अजून मराठी कळत नाही.’ मी इंग्लंडमधल्या रेडिंगच्या बसस्टॉपवर उभी राहून हे वाचत होते आणि मलाही अंगठा द्यावासा वाटत होता. दिला नाही. त्याचं कारण त्याच्या आदल्या हिवाळ्यात घडलं होतं, आणि ते ग्रुपवर सांगायची मला लाज वाटत होती.

कराडला जायचं ठरलं होतं. निघण्याआधी इथल्या फोन कंपनीला एकच प्रश्न विचारायचा होता: माझ्या प्लॅनमध्ये भारतात डेटा चालतो का, की वेगळे पैसे पडतात? वेबसाइटवर देशांची एक यादी होती, तिच्यात भारत होता, पण डोक्यावर ‘निवडक प्लॅनसाठी’ असं बारीक अक्षरात. माझा प्लॅन निवडलेल्यांतला की वगळलेल्यांतला, ते काही केल्या कळेना. आधी चॅटबॉटला विचारलं. त्याने तीच यादी पुन्हा माझ्यापुढे ठेवली. मग फोन लावला आणि पस्तीस मिनिटं सतारीचे सूर ऐकले. इंग्लंडमधल्या कंपनीने होल्डवर सतार का लावावी, हे मला आजवर समजलेलं नाही.

शेवटी एक मुलगा आला. इंग्रजी तासून घेतलेलं, पण ‘प्लॅन’ म्हणताना तो ‘प्लॅ’ थोडा रुंद उघडायचा, आणि माझे कान टवकारले. त्यानेही माझं आडनाव वाचलं असणार. दोन मिनिटं आम्ही दोघंही इंग्रजीत शिष्टाचार पाळत राहिलो. मग माझा पत्ता पडताळताना तो अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘ताई, तुम्ही कुठल्या?’ मी म्हटलं, कराडच्या. तो पुण्यातून बोलत होता. तिथे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मी प्रश्न पुन्हा मराठीत विचारला आणि त्याने उत्तर दिलं, ‘काळजी नका करू ताई, भारतात तुमचा डेटा चालतो. काही एक्स्ट्रा नाही.’

त्या ‘ताई’वर मी जेवढा विश्वास ठेवला तेवढा चौदा वर्षांत इथल्या कुठल्याही छापील कागदावर ठेवलेला नाही.

बिल आलं तेव्हा दिवसाला ६ पौंड असे १९ दिवसांचे ११४ पौंड लावलेले होते. मुंबईला उतरल्यावर कंपनीचा मेसेजही आला होता, हे कबूल करायला हवं. पहाटेचे तीन, हातात दोन बॅगा, समोर इमिग्रेशनची रांग. मी तो वाचला नाही. मला उत्तर मिळालेलं होतं ना, तेही आपल्या माणसाकडून.

माझा भाचा दोन वर्षं पुण्यात अशाच नोकरीत होता. त्याने मग मला आतली गोष्ट सांगितली. कंपन्या सतत नवे प्लॅन काढतात, पण जुने गिऱ्हाईक जुन्याच प्लॅनवर राहतात. फोन उचलणाऱ्याच्या स्क्रीनवर ठळक दिसतो तो आज विकायला असलेला प्लॅन. तुमचा दोन वर्षांपूर्वीचा प्लॅन बघायचा तर तीन पडदे मागे जावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. वेळेचा मात्र हिशेब ठेवलेला असतो: एएचटी, म्हणजे एका कॉलला सरासरी किती मिनिटं. ती वाढली की टीम लीडर खुर्चीमागे येऊन उभा राहतो. ‘मावशी,’ तो म्हणाला, ‘उत्तर बरोबर होतं का, हे शंभरातल्या एक-दोन कॉलचं कुणी ऐकतं. पण कॉल किती मिनिटांत संपला, ते शंभरातल्या शंभरांचं मोजतात.’ तिथे उत्तर चुकलं तरी पोराचं फारसं काही बिघडत नाही, लांबलं तर बिघडतं.

मी तक्रार केली. इथे दोन सोयी आहेत, त्या मान्य करायला हव्यात. एक म्हणजे माहिती-संरक्षण कायद्याखाली कंपनीकडे असलेली आपली माहिती मागता येते. पैसे पडत नाहीत, आणि साधारणपणे महिन्याभरात ती द्यावी लागते. त्यात आपल्या कॉलचं रेकॉर्डिंगही येतं. दुसरी म्हणजे २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचं कलम ५०. त्याचा मथितार्थ असा की विक्रेत्याने किंवा त्याच्या वतीने कुणी सेवेबद्दल जे सांगितलं, तोंडी असो की लेखी, त्यावर विसंबून गिऱ्हाइकाने निर्णय घेतला असेल, तर ते करारातलंच एक कलम समजायचं. ते बोलणं इंग्रजीतच हवं, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.

रेकॉर्डिंग आलं. माझाच आवाज, माझाच खुळा आनंद. तक्रार विभागातल्या बाईंचं उत्तरही आलं: संभाषणाचा काही भाग इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत असल्यामुळे त्याची तपासणी करता आलेली नाही, मात्र सदिच्छा म्हणून आम्ही ५० पौंड परत करत आहोत. ते मान्य नसेल तर आठ आठवड्यांची मुदत भरल्यावर मी लोकपालाकडे जाऊ शकत होते. हा लोकपाल कंपनीबाहेरचा असतो. आपल्याला त्यासाठी काही खर्च नाही, आणि त्याचा निकाल आपण स्वीकारला की कंपनीला पाळावाच लागतो. माझी बाजू पक्की होती. फक्त त्या दीड मिनिटाच्या मराठीचं भाषांतर करून द्यायचं होतं.

मी ते दिलं नाही. भाषांतर दिलं की दोन गोष्टी एकदम कागदावर आल्या असत्या. त्याने चुकीची माहिती दिली, ही एक. आणि कॉलवर इंग्रजी सोडून बोलायचं नाही हा त्याच्याकडचा नियम त्याने मोडला, ही दुसरी. पहिलीबद्दल त्याला समज मिळाली असती. दुसरीबद्दल काय झालं असतं, ते भाच्याने सांगितलं तेव्हा मी ५० पौंड घेतले आणि गप्प बसले. यात माझं औदार्य वगैरे काही नव्हतं. ६४ पौंडांत एका पोराची नोकरी जावी, हा हिशेब मला जमेना, इतकंच.

म्हणून दादाच्या व्हिडिओवर मी अडखळले. मला परदेशात, परक्या कंपनीकडून, न मागता मराठीत सेवा मिळाली होती. उत्तर गोड होतं, आपुलकीचं होतं आणि साफ चुकलेलं होतं.

दादाला हे फोनवर सांगितलं तर तो उसळलाच. ‘तुला इंग्रजी येतं म्हणून तुला हे सुचतं. आईला काय येतं?’ आणि हे खरंच आहे. त्याच मुक्कामात मी आईच्या रिचार्जचा घोळ बघितला होता. आईला डेटा लागत नाही. घरी दादाचं वायफाय आहे, बाहेर ती फोन करते आणि घेते. पण दर अठ्ठावीस दिवसांनी ती दिवसाला दीड जीबीचे पैसे भरत होती. (अठ्ठावीस दिवसांचा महिना धरला की वर्षात तेरा रिचार्ज होतात. हे गणित इतक्या लोकांना खुपलं की जानेवारी २०२२ मध्ये ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, प्रत्येक कंपनीला निदान एकेक प्लॅन तीस दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा ठेवायला लावला.) डिसेंबर २०२४ मध्ये ‘ट्राय’ने आणखी एक नियम केला. फक्त बोलणं आणि एसएमएस असलेलं, डेटा नसलेलं व्हाउचर ठेवणं सक्तीचं, आणि अशा व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असायला हरकत नाही. आईसाठीच केल्यासारखा नियम! मी खूश झाले आणि महिन्याभराने, असे प्लॅन बाजारात आल्यावर, तिला म्हटलं, कस्टमर केअरला विचार.

आईने विचारलं. पलीकडची मुलगी हिंदीत भरभर बोलली. आईला त्यातलं ‘डेटा’, ‘अनलिमिटेड’ आणि ‘माताजी’ एवढंच कळलं. तिने दोनदा ‘हां हां’ म्हटलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या रिचार्जवाल्याने सांगितलं, ‘असा प्लॅनच नाही, काकू.’ वहिनीचं म्हणणं, मोठ्या रिचार्जवर त्याला कमिशन जास्त. तिसऱ्या दिवशी दादाने मराठीचं बटण दाबून विचारलं. छान मराठीत उत्तर मिळालं की तो प्लॅन ‘तुमच्या नंबरवर उपलब्ध नाही’. शेवटी मी रेडिंगमधून ‘ट्राय’च्या दरपत्रकाच्या पोर्टलवर शोधला, तर तो तिथे होता. अ‍ॅपमध्येही होता, पाच वेळा बोट सरकवल्यावर. आईच्या नंबरवर तो पहिल्या फटक्यात बसला.

म्हणजे तीन उत्तरं मिळाली. एक हिंदीत, दोन मराठीत. हिंदीतलं बरोबर होतं की चूक, ते आईला आजही माहीत नाही, आणि दादाचा मुद्दा नेमका तिथे आहे. न कळलेल्या उत्तराशी भांडता येत नाही. ‘म्हणजे नक्की काय? पुन्हा सांगा’ हे माणूस स्वतःच्या भाषेतच ठणकावून विचारू शकतो. दुसऱ्याच्या भाषेत तो ‘हां हां’ म्हणतो. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मीही फोनवर ‘येस येस’ करत होते, तेव्हा मला हे कुणी शिकवायला नको. पण मराठीतली दोन उत्तरं चुकीची होती, त्याचं काय? त्याला दादाकडे उत्तर नव्हतं. तो म्हणाला, ‘डॉकेट नंबर दिलाय त्यांनी.’

डॉकेट नंबर, म्हणजे कॉलच्या नोंदीचा क्रमांक, आईने कालनिर्णयावर लिहून ठेवला होता, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी. दुधाचा हिशेब दोन्हीकडे असतो, आईच्या भिंतीवर आणि गवळ्याच्या वहीत, म्हणून महिनाअखेरीला भांडण मिटतं. डॉकेट नंबरात मात्र आईने काय विचारलं आणि त्यांनी काय सांगितलं यातलं काहीच नसतं. फोन केला होता, एवढाच त्याचा पुरावा.

भारतात नियम नाहीत असं कुणी म्हणू नये. २०१२ पासून तक्रारीची दोन पायऱ्यांची व्यवस्था आहे. आधी तक्रार केंद्र, तिथे समाधान झालं नाही तर अपील, आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत. पण ते अपील कंपनीच्याच अधिकाऱ्यापुढे चालतं आणि ‘ट्राय’ एकेकट्या ग्राहकाची तक्रार ऐकत नाही. ग्राहक मंचात जावं, तर कंपन्या वर्षानुवर्षं म्हणत होत्या की टेलिग्राफ कायद्यात लवादाची सोय आहे, इथे यायचं नाही. अहमदाबादच्या एका ग्राहकाला महिन्याला सरासरी साडेपाचशे रुपये बिल यायचं, २०१३ च्या अखेरीस एकदम साडेचोवीस हजारांहून जास्त आलं. तो मंचात गेला. ग्राहक मंचाला हा दावा ऐकण्याचा अधिकार आहे, एवढंच ठरायला फेब्रुवारी २०२२ उजाडला, आणि ते ठरवावं लागलं सर्वोच्च न्यायालयाला. निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूडांचं. बिल बरोबर की चूक, हा प्रश्न त्याच्या पुढचा.

आणि मंचात जाऊन दाखवणार काय? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तोंडी केलेलं खोटं विधानही अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं. पण रेकॉर्डिंग कंपनीच्या कपाटात असतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आपल्या माहितीचा गोषवारा मागायचा हक्क लिहिलेला आहे. गोषवाऱ्यातून ‘ताई’ ऐकू येत नाही.

इंग्लंडचे गोडवे गायला मी बसलेले नाही. एप्रिल २०२३ मध्ये इथल्या अनेक कंपन्यांनी करार चालू असतानाच १४ टक्क्यांहून जास्त दरवाढ केली, कारण करारात ‘महागाई अधिक ३.९ टक्के’ असं लिहिलेलं होतं. महागाई किती होणार ते कुणाला ठाऊक? सही करताना कुणालाच नव्हतं. तो प्रकार नव्या करारांत बंद व्हायला जानेवारी २०२५ यावा लागला. आता वाढ करायची तर किती पौंड, किती पेन्स, हे आधीच सांगावं लागतं. जून २०२२ पासून सही करण्याआधी कराराचा छोटा लेखी सारांशही द्यावा लागतो. माझ्याकडे तोही होता. मी तो उघडून बघण्याऐवजी फोन केला, कारण मला माणसाकडून ऐकायचं होतं. आईही रिचार्जवाल्याकडे त्याचसाठी जाते.

आता ती माणसंही कमी होत चालली आहेत. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने सुतकात प्रवास करणाऱ्या एकाला सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं. ती जबाबदारी आमची नाही, बॉटची, असा बचाव कंपनीने केला. ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने तो फेब्रुवारी २०२४ मध्ये उडवून लावला. त्या प्रवाशाकडे होतं काय? चॅटचा स्क्रीनशॉट.

मी दादाला म्हटलं, मराठीचा आग्रह सोडू नकोस, पण तो काउंटरवरच्या पंधरा-वीस हजार पगाराच्या पोरावर ओतू नकोस. मागायचंच तर असं मागा की डॉकेट नंबराच्या मेसेजातच दोन ओळी आल्या पाहिजेत, मराठीत: तुम्ही हे विचारलंत, आम्ही हे सांगितलं. उत्तर चुकलं तर भुर्दंड कंपनीचा. दादा म्हणाला, ‘तुझ्या या मागणीचा व्हिडिओ कोण बघणार?’ खरंय. कोणी नाही.

त्या मराठी कॉलनंतर मिनिटभरात मला मेसेज आला होता: आमच्या प्रतिनिधीला दहापैकी किती गुण द्याल? मी दहा दिले होते. तक्रार करताना ते बदलता येतील का, ते शोधलं नाही.