नाकाबंदी हवीच, पण सगळ्यांसाठी

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात. "आज पुलाखाली पकडतायत, आधीच डावीकडे वळा." पाठवणाऱ्याला वाटतं, आपण चार मित्रांचं भलं केलं. मला त्या मेसेजचा मनापासून राग येतो. ज्याने दारू घेतलेलीच नाही त्याला ही बातमी कशाला हवी? ज्याने घेतली आहे त्याला मात्र आपण उजेडाचा मोठा रस्ता सोडून गल्लीबोळातून गाडी काढायची वाट दाखवतो. आणि रात्री उशिरा त्या गल्लीत कोण असतं? फुटपाथवर झोपलेली माणसं, फेरी मारणारा वॉचमन, आणि सेकंड शिफ्ट सुटून घरी निघालेले माझ्यासारखे.

मी एमआयडीसीत काम करतो. बाइकवर घरी पोचेपर्यंत साडेबारा वाजून जातात. त्या वेळी समोरची गाडी या लेनमधून त्या लेनमध्ये झुलायला लागली की पोटात गोळा येतो. पुढे बॅरिकेड दिसले की जिवात जीव येतो. त्यामुळे नाकाबंदी हवी की नको, हा माझ्यापुढचा प्रश्नच नाही. माझं भांडण आहे ते तिथे कोणाला थांबवतात आणि कोणाला सोडतात, यावर.

मध्यंतरी एका चौकात बॅरिकेड नागमोडी लावलेले होते. माझ्या पुढे दोन बाइक आणि एक रिक्षा. "ए, साइडला घे." थांबतोय तोच हवालदाराने गाडीची चावी काढून घेतली. हेल्मेट काढायला लावलं, तोंड जवळ आणून विचारलं, "कुठून आलास?" मग मशीन पुढे केलं. त्याला नळी लावलेली होती ती आधीच्या मुलाने फुंकलेली. मी नवी मागितली. वैतागून का होईना, त्याने खिशातून कागदाच्या पाकिटातली नळी काढून बसवली. "फुंक. अजून. अजून. थांबू नको." बीप वाजला, आकडा शून्य. तेवढ्यात मागून एक पांढरी एसयूव्ही आली. काळ्या काचा, नंबर असा की लांबूनच लक्षात राहावा. काच चार बोटं खाली झाली, आतून कोणीतरी काहीतरी बोललं, आणि फौजदारांनी हातानेच बॅरिकेड सरकवायची खूण केली. "जाऊ द्या साहेबांना."

आतला माणूस प्यायलेला होता असं मी म्हणत नाही. त्याने कदाचित थेंबही घेतला नसेल. पण ते त्या चौकात कोणालाच कळलं नाही, आणि सगळे जण उभे होते ते नेमकं तेच कळावं म्हणून. रात्री बाइक चालवणाऱ्या कोणालाही विचारा, असं काहीतरी त्याने पाहिलेलं असतंच.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 185. शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा 15,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. इथवर ठीक. खरी मेख आहे कलम 203 मध्ये. गणवेशातल्या पोलिसाला श्वासाची चाचणी घेता येते, पण कधी? चालकाने हा गुन्हा केला असावा असा संशय यायला वाजवी कारण असेल तेव्हा. म्हणजे कागदावर तरी आपल्याकडे सरसकट चाचणी नाहीच. प्रत्यक्षात होतं असं की लायसन बघायला म्हणून गाडी थांबवायची, दोन शब्द बोलायचं, वास येतो का बघायचं, आणि मग मशीन.

नागरिकाच्या रक्षणासाठी घातलेली ही संशयाची अट रस्त्यावर उलटी फिरते, असं माझं ठाम मत आहे. संशय कोणाचा येतो? बाइकवरच्या पोराचा येतो. मळक्या शर्टाचा येतो. रात्रपाळीच्या रिक्षावाल्याचा येतो, कारण रिक्षाला दारच नाही आणि दुचाकीवरच्या माणसाचं तोंड हवालदाराच्या तोंडासमोर असतं. बंद काचेतून वास बाहेर येत नाही. ती काच खाली करायला सांगण्याची हिंमत प्रत्येक शिपायाची होत नाही, आणि त्यात मी एकट्या शिपायाला दोष देणार नाही. मोठ्या गाडीला हात करायचा, आतून एक फोन फिरणार, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे याला उभं राहावं लागणार. थंडीत पहाटेपर्यंत उभं राहणाऱ्या माणसाने हे ओझं का घ्यावं?

अमेरिकेत हाच वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मिशिगन राज्यातल्या सॅगिनॉ काउंटीत 1986 मध्ये पोलिसांनी एका रात्री सव्वा तास नाकाबंदी केली. 126 गाड्या आल्या. प्रत्येक गाडी थांबवली, सरासरी 25 सेकंद. दोन चालकांना अटक झाली. संशय नसताना नागरिकाला थांबवणं घटनेत बसतं का, हा प्रश्न होता. 1990 साली सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालय म्हणालं, बसतं. थांबणं क्षणभराचं आहे, आणि कोणाला थांबवायचं हे जागेवरच्या पोलिसाच्या मर्जीवर सोडलेलं नाही, हा त्यातला कळीचा भाग. मतभेद असलेल्या न्यायमूर्तींचं म्हणणंही वाऱ्यावर सोडण्यासारखं नव्हतं. एवढ्या गाड्या अडवून हाती लागलं काय, असा त्यांचा रोख होता. पुढे 1993 मध्ये मिशिगनच्याच राज्य सर्वोच्च न्यायालयाने त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेच्या आधारे अशा नाकाबंद्या बंद केल्या. म्हणजे जिथला खटला देशभर गाजला आणि पोलिसांनी जिंकला, तिथेच आज ही पद्धत चालत नाही.

मला त्याहून जास्त पटतो तो कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1987 चा निकाल. त्यांनी नाकाबंदीला मान्यता दिली, पण ती न्याय्य ठरण्यासाठी काय काय पाहायचं तेही सांगितलं. जागा आणि वेळ वरिष्ठांनी ठरवायची. कोणती गाडी थांबवायची याचं सूत्र आधी ठरलेलं हवं. प्रत्येक गाडी, किंवा दर तिसरी, दर पाचवी, काहीही, पण ते जागेवर बदलायचं नाही. फलक, उजेड, गणवेश असा की लांबून कळावं ही पोलिसांची नाकाबंदी आहे. आणि लोकांना आधी जाहीर करून सांगायचं की अशी मोहीम होणार आहे.

दर पाचवी गाडी! हा एवढासा नियम किती काय काय सोडवतो. पाचवी गाडी आमदाराची निघाली तरी ती पाचवीच. हवालदाराला सांगता येतं, "साहेब, वरून लेखी ऑर्डर आहे, माझ्या हातात काही नाही." आज त्याच्यापाशी हे वाक्य नाही. मर्जी काढून घेतली की नागरिकाचा जाच कमी होतो हे खरं, पण शिपायाच्या डोक्यावरचा फोनही जातो. म्हणून मी म्हणतो, संशय येईल त्याला थांबवण्यापेक्षा सगळ्यांना किंवा ठरलेल्या क्रमाने थांबवणं हेच जास्त न्यायाचं आहे. त्यासाठी कलम 203 मधले शब्द बदलावे लागले तर संसदेने बदलावेत. थांबवण्याचा क्रम ठरवायला मात्र कायदा बदलायचीही गरज नाही. तो आदेश आजही निघू शकतो.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने 17 डिसेंबर 1982 पासून हेच केलं. संशयाची अटच काढून टाकली. कोणालाही, कधीही थांबवून फुंकायला लावायचं. सुरुवातीला तीन वर्षांपुरता प्रयोग होता. रस्त्यावरचे मृत्यू इतके घटले की 1985 मध्ये तो कायमचा झाला. तिथे फुंकणं म्हणजे अपमान असं कोणाला वाटत नाही, कारण शेजारच्या गाडीतला माणूसही फुंकत असतो.

इथे दुसरी गोष्ट येते, हेतूची. नाकाबंदी कशासाठी असते? आपल्याकडे 1 जानेवारीला बातमी येते, "एका रात्रीत इतक्या तळीरामांना दणका." आकडा मोठा असला की मोहीम फत्ते. मला हे मोजमापच चुकीचं वाटतं. पुढच्या वर्षी आकडा निम्म्यावर आला तर पोलीस ढिले पडले म्हणायचं, की लोक सुधारले म्हणायचं? केसेस मोजल्या की केसेस मिळवायची घाई होते, आणि सोप्या केसेस दुचाकीवरच मिळतात. नाकाबंदीचं काम पकडणं हे नाहीच. बारमधून उठताना खिशातल्या चावीला हात लागण्याआधी मनात जरब बसावी, आणि माणसाने रिक्षा बोलवावी किंवा न पिणाऱ्या मित्राकडे चावी द्यावी, हे तिचं काम. ही जरब केवळ थर्टी फर्स्टला दिसून बसत नाही. फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारीही बॅरिकेड दिसायला हवेत. लग्नसराईत, पगाराच्या शनिवारी, हायवेवरच्या ढाब्यांच्या पुढे, दुपारीसुद्धा.

मुंबईत नोव्हेंबर 2006 मध्ये कार्टर रोडवर एक गाडी फुटपाथवर चढली आणि तिथे झोपलेले सात मजूर मेले. चालक प्यायलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2012 मध्ये त्याची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. 2007 पासून मुंबईत ड्रंक अँड ड्राइव्हची मोहीम नेटाने चालली, आणि पार्टीला जाताना गाडी घरी ठेवायची सवय मी तिथल्या मित्रांमध्ये जितकी पाहतो तितकी आमच्याकडे अजून नाही.

आणि ज्यांना वाटतं, अपघात झाल्यावर कायदा आहेच की, त्यांनी अलीकडच्या दोन घटना आठवाव्यात. 19 मे 2024, पुण्यात कल्याणीनगर. भरधाव पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. चालवत होता सतरा वर्षांचा मुलगा. त्याच्या रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपाखाली पुढे ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. 7 जुलै 2024, मुंबईत वरळी. स्कूटरवरून निघालेल्या मासेविक्रेत्या जोडप्याला बीएमडब्ल्यूने उडवलं, त्यातल्या बाईंचा जीव गेला. चालक पळाला आणि दोन दिवसांनी सापडला. शंभर मिलिलिटर रक्तातलं अल्कोहोल ढोबळमानाने तासाला 15 मिलिग्रॅम या वेगाने उतरतं. दोन दिवसांनी तपासून काय मिळणार? आज रात्री 60 असलेला माणूस पहाटेपर्यंत कायद्याच्या नजरेत कोरा झालेला असतो. अपघातानंतरच्या पुराव्यात इतक्या फटी आहेत. ज्याच्याकडे पैसा आणि माणसं आहेत त्याला त्या सगळ्या माहीत असतात. अपघाताच्या आधी, भर रस्त्यात, चार लोकांसमोर फुंकलेला आकडा बदलणं मात्र अवघड. म्हणूनच माझा जीव त्या मशीनमध्ये अडकलाय. पोर्शे आणि बीएमडब्ल्यू होत्या त्या. ज्या गाड्यांना हात करायला शिपाई कचरतो, नेमक्या तशाच.

"मी पीत नाही, मला का थांबवता?" असं विचारणाऱ्यांचा त्रास मला कळतो, मीही त्यांच्यातलाच. अर्धा मिनिट द्यायला माझी हरकत नाही. पण त्या अर्ध्या मिनिटात मला माणसासारखं वागवा. नळी माझ्यासमोर पाकीट फोडून लावा. फुंकायच्या आधी मशीनवर शून्य दाखवा. चावी हिसकावू नका. माउथवॉश किंवा खोकल्याचं औषध नुकतंच घेतलंय असं कोणी म्हणालं तर त्याला पंधरा मिनिटं थांबवून पुन्हा तपासा, कारण तोंडात राहिलेलं अल्कोहोल आकडा फुगवतं. (पान, वेलची, बडीशेप खाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, मशीन वास मोजत नाही, फुप्फुसातली हवा मोजतं.) आणि अटक केलीत तर दोन तासांच्या आत डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं, हे कलम 202 मध्ये लिहिलेलं आहे.

पैशांचंही स्पष्ट बोलतो. कलम 185 चा गुन्हा जागेवर दंड भरून मिटत नाही. त्यात तडजोडीची तरतूदच नाही, केस कोर्टात जाते. तेव्हा चौकात कोणी "इतके द्या आणि निघा" म्हणालं तर ती लाच आहे, आणि प्यायलेला माणूस त्याच गाडीत बसून पुढच्या चौकाकडे निघालाय. देणाऱ्याला सुटल्याचा आनंद होतो. त्या दोघांमध्ये जो व्यवहार झाला त्याची किंमत पुढे तिसराच मोजतो.

मी आमच्या शहराच्या वाहतूक शाखेकडे माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. नाकाबंदीत कोणती वाहनं थांबवायची याचा लेखी आदेश आहे का, असल्यास प्रत द्या. गेल्या वर्षभरात तपासलेल्या वाहनांत दुचाकी किती, रिक्षा किती, चारचाकी किती. श्वास तपासायची मशीन शेवटची कधी तपासून घेतली. एवढेच तीन प्रश्न, दहा रुपये फी, उत्तराची मुदत तीस दिवस. आलेलं उत्तर इथेच जसंच्या तसं टाकेन. तुमच्या शहरासाठी असाच अर्ज करायचा असेल तर कॉमेंटमध्ये सांगा, मसुदा पाठवतो. आणि ग्रुपवर कुठे पकडतायत ते विचारणाऱ्याला कृपा करून उत्तर देऊ नका.