जर्मन फलाटावर कारण ऐकू नका

मानहाइमच्या फलाटावर आम्ही दोघी गाडीची वाट बघत होतो. निळ्या पाटीवर पांढरी पट्टी सरकू लागली, कर्ण्यातून काहीतरी लांबलचक आलं, आजूबाजूच्यांनी सुस्कारा टाकून बॅगा उचलल्या. आई म्हणाली, "अगं, काय म्हणाले ते? सगळे कुठे निघाले?"

गाडीचा फलाट बदलला होता, एवढंच.

इथे राहून माझं मत पक्कं झालंय: घोषणेतलं कारण सोडून द्यायचं. सिग्नालश्ट्योरुंग म्हणजे सिग्नलचा बिघाड, वाइशनश्ट्योरुंग म्हणजे रूळ बदलणाऱ्या सांध्याचा. कळून काय करणार, पाना घेऊन रुळावर उतरणार? माझं सगळ्यात लाडकं कारण म्हणजे "फेरश्पेटुंग आउस फोरहेरिगर फार्ट". उशीर का, तर आधीच्या फेरीत उशीर झाला म्हणून! (सहा मिनिटांच्या आतला उशीर इथे वेळेवरच धरतात. तरीही २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या ६२.५ टक्केच गाड्या वेळेवर होत्या.)

एकच कारण ओळखून ठेवा: "नोटआर्त्स्ट-आइनझात्स आम ग्लाइस". रुळावर तातडीचा डॉक्टर बोलावलाय. बरेचदा कोणीतरी गाडीखाली आलेलं असतं. हे ऐकलं की माझी कुरकुर बंद होते.

बाकी कान हवेत ते पुढे काय करायचं सांगणाऱ्या शब्दांकडे. "फेल्ट आउस" म्हणजे गाडी रद्द. पण "फेल्ट" आधी येतं, मध्ये "आज", "दुर्दैवाने" वगैरे पाहुणे बसतात आणि "आउस" पार शेवटी. बरं, डब्यात "आउसश्टीग रेख्ट्स" ऐकून घाबरू नका, उजवीकडून उतरा इतकाच अर्थ. "उमगेकेअर्टे वागेनराइउंग" म्हणजे डब्यांचा क्रम उलटा: पुढचा डबा मागे, आणि तुम्ही बॅगांसकट धावताय. पाटीवर "एसईव्ही" दिसलं तर रेल्वेऐवजी बस. तिचा थांबा बहुधा स्टेशनबाहेर असतो, तो शोधायला वेळ हाताशी ठेवा.

पैशाचा शब्द म्हणजे "त्सूगबिंडुंग आउफगेहोबेन". स्वस्त तिकीट एकाच ठरलेल्या गाडीला बांधलेलं असतं. मुक्कामी पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल, तर ती गाठ सुटते आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं. हे माहीत नसल्याने नवं तिकीट काढणारे आपले लोक मी पाहिलेत. जीव हळहळतो.

आणि "ग्लाइस" म्हणजे रूळ, आपल्या भाषेत फलाट नंबर. पुढचा आकडा पकडायला आपल्याला जड नाही. इंग्रजीत वीस आधी, जर्मन भाषेत एक आधी, अगदी आपल्या एकवीससारखं: आइन-उंट-त्स्वान्त्सिख. हे आईला त्याच दिवशी शिकवलं.

दोन दिवसांनी फ्रँकफुर्टला पुन्हा कर्णा वाजला. मी पाटी वाचेपर्यंत आई बॅग ओढत एकवीसकडे निघालीसुद्धा होती.